शॉर्टीचा कप्पा

११ एप्रिल

टायपिंगचा सराव व्हावा म्हणून रोज चार ओळी लिहायच्या, असं नेरिडाने बजावलंय. काय लिहू विचारलं तर म्हणाली, "मनात येईल ते लिही, वाचणार कोण आहे?" तेही खरंच. एवढ्या ओळींना माझी अर्धी सकाळ गेली. जन्मभर कुदळ आणि ड्रिल धरलेली बोटं आहेत ही, एका वेळी तीन बटणं दाबतात.

नेरिडा म्हणजे आमच्या बिटर वेलच्या जुन्या शाळेतल्या वाचनालयाची बाई. मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ओपल नावाचं रत्न निघतं त्या आमच्या अख्ख्या माळावर कॉम्प्युटर कळणारी ती एकटीच, त्यामुळे तिचा रुबाब फार.

हा सगळा खटाटोप शॉर्टीसाठी. शॉर्टी माझा भागीदार. सहा फूट पाच इंच उंच, म्हणून शॉर्टी. आमच्याकडे नावं अशीच पडतात, तांबड्या केसांच्या माणसाला आम्ही ब्लूई, म्हणजे निळ्या, म्हणतो. मी स्पड, म्हणजे बटाटा. तीसेक वर्षं आम्ही दोघं एकाच खाणीत उतरतोय, अर्धा वाटा त्याचा, अर्धा माझा, कागद कसलाच नाही, हातावर हात मारला तेवढंच. परवा तो बसने ॲडलेडला गेला. घशात गाठ आहे. डॉक्टर त्याचं स्वरयंत्रच काढून टाकणार. म्हणजे यापुढे फोन नाही, काही नाही. उरली फक्त ईमेल.

बसच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "आता तुझी मजा आहे लेका. आजवर तूच बोलत आलास, आता मी मधे तोंडही घालणार नाही."

मी म्हटलं, "चल, कटकट गेली."

मग त्याने माझा ईमेलचा पत्ता तंबाखूच्या पाकिटावर लिहून घेतला. म्हणजे मीच लिहिला, तो नुसतं पाकीट धरून उभा होता. "तिथं कुणीतरी शिकवेल मला. मी लिहीन. तू उत्तर दे म्हणजे झालं," असं म्हणाला आणि आत गेला. त्याची कुत्री डचेस बसच्या मागे पळाली. तिला उचलून आणताना माझ्या पाठीचं जे व्हायचं ते झालं.

१६ एप्रिल

पत्रं वाचायचा प्रोग्रॅम निवडायचा म्हणजे बायको निवडण्यापेक्षा अवघड. बायको मी एका नाचाच्या संध्याकाळी निवडली होती. तीही टिकली नाही म्हणा.

पहिला प्रोग्रॅम फोन कंपनीने दिलेला. उघडला की जाहिराती. गुडघेदुखी, जहाजाच्या सहली, एकट्या बायका. त्याचं नाव मी बडबड्या ठेवलं. शिवाय तो इंटरनेट असेल तरच चालतो. आमचं इंटरनेट उपग्रहावरून येतं, धूळ उठली की जातं, आणि महिन्याला मिळतं ते मोजून मापून. दुसरा नेरिडाच्या भावाचा लाडका. त्यात प्रत्येक गोष्ट आपण लिहून सांगायची, नाही सांगितली तर तो ढिम्म. तो खडूस.

तिसरा मला आवडला. फुकट आहे, गुपचूप काम करतो. इंटरनेट आलं की पत्रं ओढून आणून कॉम्प्युटरवर ठेवतो, मग धूळ उठो नाहीतर आभाळ पडो, पत्रं आपल्याजवळ. बातम्याही त्यातच. कुठकुठल्या ठिकाणच्या बातम्या हव्यात ते एकदा सांगून ठेवायचं, नवीन काही छापलं की ती आपोआप यादीत येऊन बसते. आणि मुख्य म्हणजे कचरा वेगळा काढतो. नको त्या पत्रावर "कचरा" असं बटण दाबलं की लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी तसलं पत्र दारातच अडवतो.

"तू शिकवशील तसा तो शिकतो," नेरिडा म्हणाली.

मी त्याचं नाव मुकादम ठेवलं.

मग नेरिडाने मला कप्पे करायला शिकवलं. सगळ्यात वर मी शॉर्टीचा कप्पा केला. पाठवणाऱ्याच्या नावात शॉर्टी असेल तर पत्र थेट त्यात पडणार आणि घंटी वाजणार.

"आडनाव काय त्यांचं?" नेरिडाने विचारलं.

"माहीत नाही."

"इतकी वर्षं भागीदार आहात आणि आडनाव माहीत नाही?"

"माझं तरी कुठं त्याला माहीत आहे?"

ती कपाळाला हात लावून बसली. पोर्ट ऑगस्टासारख्या शहराकडची आहे, तिला कळायचं नाही. ओपलच्या माळावर माणूस येतो तो काहीतरी मागे टाकून येतो. बायको, पोलीस, कर्ज, लढाई, जे असेल ते. त्याला नाव विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. खाणीचा परवाना माझ्या नावावर आहे, कारण शॉर्टीला सरकारी कागदावर सही करायची नव्हती. का ते मी विचारलं नाही. हेच आमचं सभ्यपण.

१९ एप्रिल

आज नेरिडाने सगळ्यांना जमवून लबाडांच्या पत्रांवर भाषण दिलं. ब्लूईचं गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. "मी तुझा जुना दोस्त, परदेशात इस्पितळात अडकलोय" असं पत्र आलं, त्याने उघडलं, उत्तर दिलं, आणि आयुष्यभराची शिल्लक गेली. आता तो ओपलच्या ढिगाऱ्यांवर खडे वेचत हिंडतो.

"ओळखीचं नाव नसेल तर पत्र उघडायचंसुद्धा नाही," नेरिडा म्हणाली. "उघडलं की त्यांना कळतं, इथं माणूस आहे. ते दोस्त म्हणतील, आजारी आहे म्हणतील, तुमच्या घरच्या गोष्टीही सांगतील. विरघळू नका."

मी तिच्याकडून मुकादमाला दोन गोष्टी लावून घेतल्या. पत्र इकडे ओढलं की इंटरनेटवरची मूळ प्रत पुसून टाकायची, म्हणजे जागा भरणार नाही. आणि कचऱ्यात पडलेलं पत्र आठवड्याने कायमचं नष्ट करायचं.

"अधूनमधून कचऱ्यात डोकावत जा हं," ती म्हणाली. "कधीकधी चांगलं पत्रही चुकून तिकडे जातं."

मला हसू आलं. अगदी शॉर्टीसारखं बोलली. तोही असाच. मी खडकाचा चुरा ढिगावर ओतला की हा बैठक मारून तोच चुरा पुन्हा चाळायचा. पॉच म्हणजे रंग नसलेला ओपल, एका पैशाचा नाही, तोही हा उन्हात धरून दोनदा बघायचा. "टाकण्याआधी एकदा ओलं करून बघ रे, पाण्यात रंग उठतो," म्हणायचा. मी म्हणायचो, तू बघ, मी बिअर प्यायला चाललो.

२५ एप्रिल

आज लढाईत गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. पहाटे युद्धस्मारकापाशी उभे राहिलो, बिगुल वाजला. दर वर्षी शॉर्टी सगळ्यांच्या मागे, रस्त्यापलीकडे उभा राहतो. कधी पुढे येत नाही. आज तिथं कोणी नव्हतं तरी माझी नजर सारखी तिकडेच जात होती.

शस्त्रक्रिया होऊन गेली असणार. पत्र नाही. शेवटी मिलेनाच्या पबमधून इस्पितळाला फोन केला. मिलेना पब चालवते, क्रोएशियाची, मनाने मऊ आणि जिभेने चाकू.

"शॉर्टी कसा आहे?" मी विचारलं.

"रुग्णाचं आडनाव?" पलीकडची बाई.

"शॉर्टी. फार उंच आहे. डाव्या हाताचा अंगठा अर्धाच आहे. घशाचं ऑपरेशन."

"साहेब, नावाशिवाय मी काहीच सांगू शकत नाही. तुम्ही त्यांचे कोण?"

मी कोण? पार्टनर म्हटलं तर ती म्हणाली, "म्हणजे जोडीदार का?" मिलेना हसून हसून काउंटरवर आडवी झाली. मी फोन ठेवला. हसलो मीही, पण परत येताना गाडीत शॉर्टीच्या रिकाम्या सीटकडे दोनदा बघितलं.

२ मे

युक्ती सुचली. त्या इस्पितळाची साइट आहे, बातम्या छापतात. ती मी मुकादमाच्या यादीत घालून टाकली. आता माझ्याकडे चार ठिकाणच्या बातम्या येतात. वेधशाळेचे धुळीचे इशारे, फुटबॉल, ओपलचे भाव आणि इस्पितळ. फुटबॉलवर शॉर्टीशी भांडायचं म्हणून मी एकही सामना वाचायचा सोडत नाही.

इस्पितळाच्या आजच्या बातम्या: गाड्या लावायला नवी जागा होणार. हात धुण्याचा सप्ताह. एका परिचारिकेला बक्षीस. तिघींचा फोटो होता, मागे खाटा दिसत होत्या. मी तो मोठा करून बघितला. शॉर्टी झोपला की पाय खाटेबाहेर येतात, ते दिसतात का बघत होतो. माझं डोकं फिरलंय बहुतेक.

७ मे

मुकादमात पत्र! मी खुर्चीतून उठलोच. पण शॉर्टी नव्हे. कोणी "ऑब्री टिडमार्श". विषयाच्या जागी काहीच नाही.

ऑब्री टिडमार्श! काय पण नाव शोधून काढलंय. असं नाव लबाडाशिवाय कुणी लावणार नाही. कचरा, बटण दाबलं, संपलं. नेरिडाला सांगितलं तर तिने शाबासकी दिली.

१० मे

टिडमार्श पुन्हा. या वेळी विषय: "पोचलं का?" नाही पोचलं बाबा. कचरा.

डचेस खात नाही. शॉर्टीच्या घराच्या दारात, त्याच्या बुटांवर मान टाकून पडून असते. मी मटणाची हाडं नेली, वास घेऊन तोंड फिरवलं. आमची घरं टेकडीच्या पोटात खोदलेली, आत कायम गारवा. आमच्याकडे मे महिन्यात थंडी सुरू होते, तर ही म्हातारी दारात कुडकुडते, पण आत येत नाही.

१४ मे

इस्पितळाच्या बातम्यांत आज कामाची गोष्ट सापडली. स्वयंसेवक बायका घशाच्या रुग्णांना टॅबलेट देतात, ईमेल लिहायला शिकवतात, आरोग्य कार्डावर नाव असेल त्या नावाने प्रत्येकाचं खातं उघडून देतात. म्हातारे लोक बोटांनी टकटक करतायत असा फोटोही होता. शॉर्टी नव्हता त्यात.

म्हणजे सगळी सोय आहे! जिवात जीव आला. संध्याकाळी पबमध्ये सगळ्यांना सांगितलं, आता त्याचं पत्र केव्हाही येईल.

पण मग लिहीत का नाही? दोन हात धड आहेत, दीड अंगठा का होईना. रागावला असेल का? बसपाशी मी "कटकट गेली" म्हटलं होतं. थट्टेत म्हटलं होतं. त्याला कळलं असणार. आम्ही दुसरं कधी काय बोललोय?

१७ मे

टिडमार्श: "कुत्री खाते का?"

अंगाचा तिळपापड झाला. यांना कुत्रीचंसुद्धा ठाऊक! धावत नेरिडाकडे गेलो. ती म्हणाली, अशी माणसं अंदाजाने खडे मारतात, माळावर राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे कुत्रं असतंच, शंभरातल्या नव्वदांना लागू पडतं. हुशार आहे ही बाई.

"उघडलं नाहीस ना?"

"हात नाही लावला."

"शहाणा गं माझा बटाटा," ती म्हणाली.

मुकादमही तयार होत चाललाय. हे पत्र त्याने आपणहून कचऱ्यात टाकलं होतं, मी बटण दाबायच्या आधीच. मीच सहज डोकावलो म्हणून दिसलं.

२६ मे

काल आणि आज धुळीचं वादळ. इंटरनेट गेलं, वीज गेली. मेणबत्तीवर बीन्सचा डबा गरम करून खाल्ला. खाणीत उतरलो नाही. एकट्याने उतरायचं नसतं, वर दोरीवर कोणीतरी लागतं. ब्लूई येतो म्हणाला होता. पण दोरीवर शॉर्टी नसेल तर मला अंधारात पाय टाकवत नाही. हे कुणाला सांगितलं नाही, इथंच लिहितोय.

२९ मे

इंटरनेट आलं. शॉर्टीचा कप्पा रिकामा. कचऱ्यात टिडमार्शची दोन. एकाचा विषय, "मला इथून घेऊन जा". दुसऱ्याचा, "कोणी न्यायला आलं तरच सोडतील".

किती नीच असावं माणसाने! बरोबर ब्लूईसारखं जाळं. आधी दोस्त, मग इस्पितळ, मग सुटका, मग पैसे. आणि मला खरंच क्षणभर कणव आली. उघडायच्या बटणावर हात गेला होता. इथंच माणूस फसतो. मी खुर्चीवरून उठलो, बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो.

मग नेरिडाने शिकवलेला नियम लावला: या नावाचं, या पत्त्यावरून पत्र आलं की कचऱ्यातही ठेवायचं नाही, तिथल्या तिथे नष्ट. बस बोंबलत. माझा जीव शॉर्टीसाठी टांगणीला लागलेला, आणि हे मेले त्यातच हात धुऊन घेतायत.

४ जून

काही नाही. डचेसने थोडं दूध घेतलं.

१२ जून

आज पबमध्ये धमाल झाली. बऱ्याच दिवसांनी मनापासून हसलो, म्हणून सविस्तर लिहितो.

मिलेनाने काउंटरवरून हाक मारली. "ॲडलेडहून बाई आहे. कोणा टिडमार्शसाठी बिटर वेलचा माणूस हवाय म्हणते. इथं आहे का रे कोणी टिडमार्श?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दे इकडे. हा माझा गडी."

बाई फार गोड आवाजात बोलत होती. "नमस्कार, मी ऑब्री टिडमार्श यांच्या संदर्भात बोलतेय. त्यांच्याबद्दल एका मित्राशी तातडीने..."

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "बाई," मी म्हटलं, "पत्रांनी जमलं नाही म्हणून आता फोन का? ऐका. आमच्याकडे असा कोणी नाही. कधी नव्हता. पुन्हा फोन केलात तर पोलिसांना कळवीन."

"पण साहेब, त्यांनी स्वतःच या गावाचं..."

"असा कोणी नाही!" आणि फोन आपटला.

सगळ्या पबने टाळ्या वाजवल्या. ब्लूईने मला मिठी मारली, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणाला, "माझ्या वेळेला तू असतास तर." बिअर मिलेनाकडून फुकट. शॉर्टी असता तर कोपऱ्यातून हळूच म्हणाला असता, "एवढा ओरडू नकोस, छप्पर पडेल." त्याला पत्रात हे सगळं लिहायचं ठरवलंय. त्याचा पत्ता मिळाला की.

२० जून

टिडमार्श थंडावला. मुकादम जे नष्ट करतो त्याचा आकडा खाली दाखवतो, तो आठवडाभर हलला नाही. शिकवलं की शिकतो.

शॉर्टीचा कप्पा रोज उघडतो. आज उघडून तसाच बसून राहिलो, चहा थंड झाला. मला वाटतं तो आता लिहिणार नाही. आवाज गेल्यावर माणूस बदलत असेल. नाहीतर मला विसरला असेल. शहरात रंगीत टीव्ही, गरम जेवण, बायका विचारपूस करतात. माळावर परत कशाला येईल? माझंच चुकतंय, एखाद्याची इतकी वाट बघू नये.

तरी इस्पितळाच्या बातम्या वाचल्या. गाड्या लावायची नवी जागा पुढच्या महिन्यात उघडणार आहे.

३ जुलै

लिहू की नको.

दुपारी पबमध्ये शेजारच्या शहरातला पोलीस आला. तरुण आहे, टोपी हातात घेऊन आत आला तेव्हाच मिलेनाने गाणं बंद केलं. म्हणाला, ॲडलेडच्या इस्पितळात एक माणूस गेला, कोणी नातेवाईक सापडत नाही. गाडी चालवायच्या जुन्या परवान्यावरचा फोटो आणलाय, कोणी ओळखतं का बघा.

"नाव ऑब्री टिडमार्श," तो म्हणाला.

कोणीतरी हसलं. मी म्हटलं, "त्याला आम्ही चांगले ओळखतो, साहेब. एक नंबरचा चोर आहे तो."

त्याने फोटो काउंटरवर ठेवला.

शॉर्टी होता. जुना फोटो, केस काळे, पण शॉर्टी.

मिलेनाने तोंडावर फडकं धरलं. पोलीस बिचारा गोंधळला, म्हणाला, "म्हणजे हाच चोर का?"

मी म्हटलं, "नाही."

मग त्याने सांगितलं. जखम चिघळली होती, पण त्याने जीव सोडला तो घरी जायचं म्हणून हट्ट धरून, खाणंपिणं टाकून. डॉक्टर सोडायला तयार होते, कोणी सांभाळणारं न्यायला आलं असतं तर. "त्यांनी लिहून सांगितलं होतं की गावात एक मित्र आहे. नावाच्या जागी फक्त स्पड लिहिलं होतं. इस्पितळाच्या बाईने फोनही केला होता म्हणे, पण असा माणूस इथं नाही असं कोणीतरी सांगितलं." त्याने हे वाचून दाखवलं, कुणाकडे बघून नाही. मग पिशवी दिली. टोपी, चष्मा, आणि तंबाखूचं रिकामं पाकीट. पाकिटावर माझं अक्षर.

दहन मागच्या आठवड्यातच सरकारी खर्चाने झालं. कोणी आलं नव्हतं.

ब्लूई माझ्या शेजारी बसला होता. तो फोटोकडे बघत म्हणाला, "स्पड, आपण टाळ्या वाजवल्या रे." मी उठून बाहेर आलो.

५ जुलै

नेरिडा शुक्रवारची आली, तिला मिलेनाने सांगितलं असणार. दारातच रडायला लागली. "मी शिकवलं तुला. उघडू नकोस असं मीच म्हणाले."

मी म्हटलं, "कचऱ्यात डोकाव असंही तूच म्हणालीस."

सगळी दुपार ती मुकादमात शोधत बसली. कचऱ्याचा कप्पा कोरा. आठवड्याने नष्ट, मीच सांगितलं होतं. मूळ जागीही प्रत नाही, तीही मीच पुसायला लावली होती. नंतरची तर मी दारातच मारली. ती किती होती ते दिसतं, आकडा आहे खाली. त्यांत काय होतं ते या जगात आता कुणालाच माहीत नाही. त्याला तोंडाने काही बोलायची सोय नव्हती, जे काय बोलला ते सगळं मला बोलला, आणि मी एक अक्षर वाचलं नाही.

विषयाच्या चार ओळी तेवढ्या वाचल्या, "कुत्री खाते का" त्यांतलीच. तेवढंच उरलंय.

तो माझ्यावर चिडून गेला असेल तरी चालेल. पण मला भीती वाटते ती वेगळीच. तो शेवटपर्यंत वाट बघत असेल, आणि म्हणत असेल, स्पडचं इंटरनेट गेलं असेल, धूळ उठली असेल. तो तसाच होता. दोनदा चाळल्याशिवाय कुणाला टाकायचा नाही. मी एकदाही ओलं करून बघितलं नाही.

९ जुलै

आज टिडमार्शवरचा नियम काढला. मग त्याच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. पत्ता मुकादमाच्या नियमातच होता, अडवण्यासाठी जपून ठेवलेला. लिहायला फार वेळ लागला. आधी पुष्कळ लिहिलं, ते सगळं पुसलं. शेवटी ठेवलं ते इतकंच:

"कुत्री आता खाते. स्पड."

खोटं आहे. पण आजारी माणसाला आणखी काय सांगणार?

पाठवलं आणि चहा ठेवला. घंटी वाजली नाही. वाजणार नव्हतीच. तरी मुकादमाकडे बघितलं तर पत्रांत काही नाही, पण कचऱ्यापुढे एकचा आकडा. टिडमार्शचं नाव असलेलं काहीही आलं की कचऱ्यात टाकायचं, हे मी त्याला इतकं पक्कं शिकवलंय की नियम काढला तरी तो विसरला नाही.

या वेळी मी उघडलं. इस्पितळाच्या यंत्राने आपोआप पाठवलेलं उत्तर होतं, एका ओळीचं.

"या पत्त्यावर असा कोणी नाही."